धुऱ्याने बोंडअळी अडत नाही

(मार्कंडा येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या खरेदीवर बोलणे झाले, ज्वारीच्या भावावर झाले, रानडुकरांच्या नुकसानीवर झाले. शेवटचा अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे तो अशा विषयासाठी, ज्याचा भाव कोणत्याही बाजार समितीच्या फळ्यावर लागत नाही. हायस्कूलात जाणाऱ्या आपल्या पोरांच्या हातातला मोबाईल आणि त्या मोबाईलवरचा खेळ, हा तो विषय.

मागे बसलेले काही जण हसले. हसू द्या. त्यांचे म्हणणे असे, की पोट्टे खेळणारच. आपण विटीदांडू खेळलो, ते फ्री फायर खेळतात. यात संघटनेचे काय काम? काम आहे, आणि ते हिशेबाचे आहे. आपण एकरी खर्च मांडतो तेव्हा बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी सगळे धरतो. घरातली सर्वांत मोठी गुंतवणूक मात्र त्या कागदावर येत नाही. पाच एकर कोरडवाहूवर दोघा भावांचे निभणार नाही, हे पोरगा पाचवीत असतानाच बापाला कळलेले असते. म्हणून तो एकाला तरी शिकवायला निघतो. बसचा पास, गणवेश, शिकवणी, वसतिगृह. पैसा कधी चुकाऱ्यातून येतो, कधी सावकाराकडून. नोकरी लागो न लागो, पोराची दहावी-बारावी ही कोरडवाहू माणसाची ओलिताची विहीर आहे. ती विहीर आठवी ते दहावी या तीन वर्षांत बुजते आहे आणि आपण काठावर उभे राहून म्हणतो, पोरगा आळशी निघाला.

ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावाची कथा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मार्कंडेयाला आयुष्य सोळाच वर्षांचे दिले होते म्हणतात. सोळा म्हणजे आजचे दहावीचे वय. यमाच्या गोष्टी करायला आम्ही आलेलो नाही. पण सोळा वर्षांचे पोरगे हातचे जाणे म्हणजे काय, हे निदान या गावात समजावून सांगायला नको.

मोबाईल घरात कसा आला?

शहरातले शहाणे म्हणतात, खेड्यातल्या मायबापांनी लाड केले. हा आरोप खोटा आहे, तो आधी खोडून काढू.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. तरी आपल्या घरात तेव्हा बटणांचाच फोन होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि सरकारने सांगितले की शिक्षण मोबाईलवर होईल. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याचे पोरगे मागे पडणार. मग कोणी बकरी विकली, कोणी कापूस पडत्या भावात दिला, आणि मोबाईल आणला. ‘असर’ नावाची पाहणी दरवर्षी नाही पण वरचेवर देशभरच्या खेड्यांत होते. तिचे आकडे पाहा. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ३६ जणांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये तो ६७ जणांच्या घरी होता. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. हा शेतकऱ्याने केलेला शौक नव्हे. सरकारच्या शब्दावर त्याने केलेला शिक्षणाचा खर्च आहे.

शाळा उघडल्या. मोबाईल घरातच राहिला. २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारले होते. शंभरात ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या काही कामासाठी तो वापरला असे सांगणारे ५७, आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारे ७६. वस्तू ज्या कामासाठी घेतली त्यापेक्षा दुसऱ्याच कामाला जास्त लागली. गव्हासाठी सोडलेले पाणी तणाला गेले.

आता आपल्या दोन जिल्ह्यांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. शहरातल्या पोराला मैदान नाही म्हणून तो घरात बसतो. आपल्याकडे मैदान आहे, पण मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या गावांत दिवस मावळला की वाघाच्या धाकाने आई पोराला आंगणाबाहेर सोडत नाही. बाप डुकरे हाकायला जागलीवर गेलेला असतो. आई दिवसभर निंदण करून थकलेली असते, आठालाच तिचा डोळा लागतो. घरात जागा असतो तो पोरगा आणि त्याच्या हातातला मोबाईल. रात्री दोन वाजेपर्यंत काय चालले हे कोणाला कळणार? आणि गडचिरोलीच्या आतल्या गावांत घरात रेंज येत नाही, तिथे तलावाच्या पाळीवर जिथे रेंज सापडते तिथे पोरांचा थवा बसलेला आम्ही पाहिला आहे. दहा जण शेजारी शेजारी, आणि एकही दुसऱ्याकडे पाहत नाही.

कामगंध सापळा

हा खेळ पोराला धरतो कसा? हे आपल्याला शहरवाल्यांपेक्षा लवकर समजेल, कारण आपण कामगंध सापळा लावतो.

सापळ्यात काय असते? एक छोटी गोळी. तिला मादी पतंगाचा वास. नर पतंग दुरून येतो. त्याची भूक खरी असते, वास खोटा असतो. आत मादी नाही, काही नाही. पतंग मूर्ख म्हणून येत नाही. निसर्गाने त्याला जे शोधायला सांगितले तेच तो शोधत येतो.

चौदा वर्षांच्या पोराला काय हवे असते? सोबती हवे असतात. जिंकायला हवे असते. आपण कोणीतरी आहोत, चार जणांत आपले नाव आहे, हे कोणीतरी म्हणायला हवे असते. या भुका खऱ्या आहेत, चांगल्या आहेत. खेळ बनवणाऱ्यांनी नेमका त्याच भुकांचा वास गोळीत भरला. फ्री फायरमध्ये पन्नास जण उतरतात, दहा-पंधरा मिनिटांत डाव संपतो. पबजीत शंभर जण, अर्धा तास. हरला तर लगेच दुसरा डाव. जिंकला तर वरची पायरी, म्हणजे रँक. चौघांचे टोळके असते, त्यातला एक उठला तर उरलेले तिघे मरतात, म्हणून आई जेवायला हाक मारते तेव्हा पोरगा उठत नाही. तो आईला जुमानत नाही असे नाही, त्याला सोबत्यांना दगा द्यायचा नसतो. रोज हजेरी लावली तर रोज बक्षीस. एक दिवस चुकला तर माळ तुटते.

आणि बक्षीस केव्हा मिळेल हे ठरलेले नसते. हे मुद्दाम आहे. अमेरिकेत स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. टोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळाला, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबते. दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही असे केले, तर ते टोचतच राहते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचे गणित हेच. पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्या आपल्याला तर हे गणित रक्तातून कळते.

आणखी एक. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याला वर्षानुवर्षे सांगते, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा, कारण फरदडीमुळे गुलाबी अळीला खाणे मिळतच राहते आणि तिचे चक्र तुटत नाही. या खेळांना नेमकी फरदडच हवी असते. त्यांचे ‘सीझन’ असतात. एक संपला की रँक खाली येते आणि दुसरा सुरू होतो. विटीदांडूला अंधार पडला की थांबावे लागे. कबड्डीला दम लागला की थांबावे लागे. या खेळाला अंधार नाही आणि दमही नाही.

बियाणे फुकट, कापूस त्यांचा

खेळ फुकट मिळतो. मग एवढ्या मोठ्या कंपन्या जगतात कशावर? फुकट बियाणे देणारा माणूस दारात आला तर आपण विचारतो, बाबा, पीक कोण नेणार?

पोराला खेळात अंगावर नवा पोशाख हवा, बंदुकीला रंग हवा. तो फुकट मिळत नाही. त्यासाठी डायमंड नावाचे खोटे पैसे घ्यायचे, खरे पैसे देऊन. कधी पेटी उघडायची, तिच्यात काय निघेल ते नशीब. पबजीवर सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी इतर शंभरावर ॲपसह बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नव्या नावाने दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने परत आणला. तेव्हा कंपनीने आपण फार जबाबदार आहोत हे दाखवायला जाहीर केले, की १८ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला तीनच तास खेळता येईल आणि दिवसाला ७,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही.

सात हजार, दिवसाला. त्या २०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,७२६ रुपये होता. आपण सहा महिने राबून एक क्विंटल कापूस पिकवायचा, वेचायचा, गाडीत भरायचा. आणि त्यांच्या लेखी मुलांना जपण्याची मर्यादा म्हणजे दिवसाला सव्वा क्विंटल. ही त्यांची जबाबदारी. वयाची खात्री करायला आईबापाचा फोन नंबर मागतात. मोबाईल मुळातच बापाचा. नंबर पोरगाच टाकतो, आलेला आकडाही पोरगाच वाचतो.

पैसे लावून खेळायच्या खेळांचे वेगळे. रमीचे, क्रिकेटच्या संघाचे. त्यांच्या जाहिराती नट आणि खेळाडू करत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे पैशांचे ऑनलाईन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चांगले झाले. पण आपल्या नववीतल्या पोराच्या हातातला बंदुकीचा खेळ या कायद्यात बसत नाही, कारण त्यात जिंकून पैसे मिळत नाहीत, फक्त जातात.

फवारणीच्या आधी मोजणी

आता घाबरवायचे थोडे थांबवू. पोरगा मोबाईलवर खेळला की तो व्यसनी झाला असे नव्हे. आम्ही शेतकी शिकलो तेव्हा पहिला धडा हा होता, की एक अळी दिसली म्हणून पंप पाठीवर घेऊ नये. आधी मोजावे. गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग एका सापळ्यात, ओळीने तीन रात्री, मग उपाय. त्याला नुकसानीची आर्थिक पातळी म्हणतात.

इथेही पातळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत खेळाच्या या विकाराची नोंद केली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, खेळण्यावर ताबा राहत नाही, थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. दुसरी, जेवण, झोप, शाळा, सोबती या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसतो. तिसरी, नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळणे चालूच राहते, वाढते. आणि हे साधारण वर्षभर टिकलेले हवे. फारच जोराचे असेल तर वर्षाची वाट पाहायची नसते.

सगळी पोरे या पातळीवर पोचत नाहीत. बहुतेक जण त्याच्या बरेच अलीकडे असतात. जो पोचला आहे तो बिघडलेला नाही, तो आजारी आहे. तापाने फणफणलेल्या पोराला आपण मारत नाही. बंगळूरच्या निमहान्स या मोठ्या मानसोपचार संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळा दवाखाना चालतो. एवढ्या दूर जाण्याची आपली ऐपत नाही. पण १४४१६ हा टेलिमानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. हा नंबर आजच लिहून घ्या. ज्या मोबाईलने रोग आणला त्याच मोबाईलवरून फोन लावा.

नुसत्या फवारणीने अळी मरत नाही

बहुतेक घरांत दोन उपाय होतात. बाप मोबाईल हिसकावून आपटतो, किंवा पोराला बडवतो. राग समजण्यासारखा आहे, उपाय कामाचा नाही. एकाच औषधाची फवारणी पुन्हा पुन्हा केली की काय होते? अळी त्याला पचवते. मार खाल्लेला पोरगा खेळ सोडत नाही, घर सोडतो. मित्राच्या घरी खेळतो, पाळीवर खेळतो, खोटे बोलायला शिकतो. मोबाईल काढून घेतल्यावर काही पोरांनी जिवाचे बरेवाईट केल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत. आजारी झालेल्या पोराच्या हातून मोबाईल एका झटक्यात ओढू नका. आधी त्याच्याशी बोला, जोडीला जाणते माणूस घ्या, पायरीपायरीने कमी करा. आणि पोरगा मरणाची भाषा बोलला तर तिला नाटक म्हणू नका. त्याच घटकेला फोन करा, त्याला एकटे सोडू नका.

सरकारांनीही फवारण्याच केल्या. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना पकडून नेले. त्याच महिन्यात आपल्या हिंगोलीत रेल्वेमार्गावर मोबाईलवर खेळत बसलेले दोन तरुण गाडीखाली सापडले. २०२० मध्ये पबजी बंद झाली, पोरे फ्री फायरवर गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाली, त्याचीच दुसरी आवृत्ती चालू राहिली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा केला, की सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खेळ बंद. पोरे संगणकावरून मोबाईलवर गेली. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनी मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला संध्याकाळी आठ ते नऊ, एवढीच मुभा ठेवली. तेवढे हुकूमशाही हात आपल्याला नकोत, आणि तिथेही आजोबांच्या नावाने खेळणारी पोरे निघाली.

गुलाबी अळीने आपल्याला शिकवलेले

मग इलाज काय? तो आपण २०१७ मध्ये फार महागात शिकलो आहोत.

बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये आला. आपल्याला वाटले, अळीचा प्रश्न सुटला. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने विदर्भातली बोंडे आतून पोखरली. तेव्हा काही शहाण्या शेतकऱ्यांनी आपल्या वावरातल्या पऱ्हाट्या उपटल्या, वावर साफ केले, सापळे लावले. काय झाले? शेजाऱ्याने फरदड ठेवली होती. पतंग धुरा ओलांडून आले. धुऱ्याने बोंडअळी अडत नाही. एकट्याने वावर साफ ठेवून भागत नाही, शिवारच्या शिवार साफ करावे लागते.

मोबाईलच्या खेळाचे अगदी तसेच आहे. एकट्या बापाने आपल्या पोराचा मोबाईल बंद केला, तर तो पोरगा सगळ्या सोबत्यांतून तुटतो. त्याचे टोळके त्या वेळी खेळात असते, तो एकटा घरात. ही शिक्षा त्याला सोसवत नाही. पण त्या वेळी साऱ्या गावाचेच मोबाईल बंद असले तर? तर त्याचे काहीच सुटत नाही. टोळकेच मोकळे असते, अंगणात असते.

असे कोणी केले आहे का? केले आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथल्या महिलांच्या सभेत ठरले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. मधला दीड तास पोरांनी वाचायचे, लिहायचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला लोक हसले, बायकांना मालिका सोडणे जड गेले. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक दारोदार फिरले. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी दोन तासांचा असाच भोंगा सुरू केला.

आपल्या शेजारचे दुसरे उदाहरण आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचाच नाही. धाडस मोठे आहे. पण दोन ठरावांतला फरक पाहा. एका गावाने पोरांवर बंदी घातली. दुसऱ्या गावाने सगळ्या गावावर घातली, बाप आणि सरपंच धरून. आमचे मन दुसऱ्या ठरावाकडे झुकते. बापाने ओट्यावर बसून रीळ पाहत पोराला ‘अभ्यास कर’ म्हणायचे, हे विडी ओढत ‘विडी वाईट’ म्हणण्यासारखे आहे.

आणि ग्रामसभेची ताकद आम्ही या जिल्ह्याला काय शिकवावी? गडचिरोलीची दारूबंदी १९९३ ची. ती लोकांनी, विशेषतः बायकांनी लढून आणली. चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा येतो, जातो. गावाने धरून ठेवले तेवढेच टिकते. मेंढा-लेखा गावाने सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली आणि २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. ज्या जिल्ह्यात गाव जंगल सांभाळते, त्या जिल्ह्याला दीड तास मोबाईल सांभाळता येणार नाही?

रिकाम्या वावरात तणच उगवते

एक धोका आहे. दीड तास मोबाईल बंद केला आणि त्या दीड तासात पोराला काहीच दिले नाही, तर आठ दिवसांत ठराव मोडेल. पतंगाला सापळ्यातून सोडवले तर त्याची भूक काही जात नाही.

शहरातल्या माणसाने यासाठी पैसे मोजून शिबिरे काढली आहेत. आपल्याकडे काय नाही? आट्यापाट्या आपली, कबड्डी आपली, दंडार आपली. वडसा-देसाईगंजची झाडीपट्टीची नाटके दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत रात्ररात्र चालतात. त्यात पेटी धरायला, पडदा ओढायला, बोलायला पोरे लागतात. ज्या पोराला चारचौघांत नाव हवे आहे त्याला रंगमंचावर उभे करा, गावचा संघ करून शेजारच्या गावाशी खेळवा. जिंकण्याची भूक खऱ्या मैदानावर भागवा.

वाघाचा प्रश्न आहे, तो आम्ही विसरलो नाही. म्हणून अंधारात दूरच्या मैदानावर पोरे पाठवा असे आम्ही म्हणत नाही. शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे आवार, त्याला कुंपण, दोन दिवे, आणि पाळीपाळीने दोन मोठी माणसे. वावरात जागल करतो तशी ही गावातली जागल. डुकरांपासून ज्वारी राखायला आपण रात्र जागवतो. पोरे राखायला आठवड्यातून एक संध्याकाळ जड नाही.

आणि पोरींचे विसरू नका. मोबाईल भावाच्या हातात आणि भांडी बहिणीच्या हातात, असे बहुतेक घरांत आहे. भोंगा वाजल्यावर भाऊ मोकळा झाला आणि बहीण चुलीपुढेच राहिली, तर तो अर्धाच ठराव. पोराच्या हातात मोबाईलऐवजी झाडू द्या, पोरीच्या हातात पुस्तक द्या. दोघांचेही भले होईल.

गावी नेण्याचा ठराव

भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. पाच गोष्टी लिहून घ्या आणि येत्या ग्रामसभेत मांडा.

एक. रोज संध्याकाळचा दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद. वेळ ग्रामसभेने ठरवावी, आणि ठराव आधी महिलांच्या सभेत व्हावा.

दोन. रात्री दहानंतर घरातला मोबाईल आईच्या उशाशी. बाप जागलीवर जाताना त्याला फोन लागतो, तो त्याचा त्याने न्यावा. दुसरा फोन पोराच्या अंथरुणात जाऊ नये.

तीन. पैसे पाठवण्याचा गुप्त आकडा पोराला सांगू नये. बँकेचे पुस्तक महिन्यातून एकदा भरून आणावे आणि घरात सर्वांसमोर वाचावे.

चार. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी बसून वर्गात झोपणाऱ्या, गैरहजर राहणाऱ्या मुलांची नावे मायबापांना वेळीच कळतील अशी व्यवस्था करावी. चावडीवर नावे वाचायची नाहीत. हा चोर पकडण्याचा कार्यक्रम नव्हे. आणि अभ्यास मोबाईलवर पाठवणे शाळेने कमीत कमी करावे. फळा अजून शिल्लक आहे.

पाच. तीन खुणा दिसणाऱ्या मुलासाठी १४४१६ ला फोन, आणि जिल्हा रुग्णालयात दाखवणे. खर्चाला घर कमी पडले तर गावाने हात द्यावा.

यातले काही उद्याच्या उद्या होणार नाही. वडगावलाही दारोदार जावे लागले. ज्या दिवशी नव्वद घरांनी बंद केले आणि दहांनी चालू ठेवले त्या दिवशी चिडू नका, त्या दहांकडे पुन्हा जा. पऱ्हाट्या उपटायलाही आपण असेच फिरलो होतो.

पुढच्या बैठकीत कापसाच्या हिशेबाबरोबर हाही हिशेब घेतला जाईल. कोणत्या गावात ठराव झाला, किती दिवस टिकला, कुठे मोडला आणि का मोडला, ते सांगणारा एक माणूस प्रत्येक गावातून यावा. तो माणूस दहावीतला पोरगा किंवा पोरगी असेल तर आम्हाला जास्त आनंद होईल. त्यांच्याबद्दल आपण आज अर्धा तास बोललो. पुढच्या वेळी अर्धा तास त्यांना बोलू देऊ.